देवी, गोवर आणि गोवंडी

मराठीत ‘देवी’ ह्या एका शब्दाने जितकी कामे केली आहेत तितकी क्वचितच दुसऱ्या एखाद्या शब्दाने केली असतील. देवी म्हणजे तुळजापूरची भवानी. देवी म्हणजे अंगभर फोड उठवून माणसाला खाटेवर पाडणारा तो भयंकर रोग. आणि देवी म्हणजे त्या रोगापासून वाचवणारी लसदेखील. ‘पोराला देवी आल्या’ म्हटले की घरादाराचे पाणी पळत असे, आणि ‘पोराला देवी काढल्या’ म्हटले की तेच घर निर्धास्त होत असे. ज्यांनी साठी ओलांडली आहे त्यांनी आपल्या दंडाकडे पाहावे. तेथे तो गोल, किंचित खोलगट वण अजून असेल. हा वण सुईचा, पण त्याचे नाव देवीचे.

रोग, रोग धाडणारी शक्ती आणि रोगावरचा उपाय ह्या तिघांनाही एकच नाव देणारी आपली वाडवडील मंडळी भोळी होती, असे म्हणण्याची शिकलेल्यांत एक चाल आहे. परंतु जरा थांबून विचार केला तर ह्या नावात भोळेपणापेक्षा व्यवहारच अधिक दिसतो. सातासमुद्रापलीकडून आलेली सुई मराठी घराने देवघरातल्या नावाने हाक मारून आत घेतली. तिच्यासाठी दाराला बांधलेली कडुलिंबाची डहाळी काढून टाकली नाही. डहाळीही राहिली आणि सुईही आली. आजीबाईचा बटवा आणि डॉक्टरची पेटी ह्यांचे भांडण व्याख्यानांतून आणि वर्तमानपत्रांतून पुष्कळ गाजले; घरात मात्र दोघेही एकाच फळीवर नांदत आले.

ही नांदणूक कशी चालली, कोठे बिघडली आणि बिघडल्यावर तिची किंमत कोणी मोजली, हे सांगावयाचे तर कथा मुंबई शहरातूनच सांगावी लागते. आणि तिचा शेवट, अगदी अलीकडचा शेवट, मुंबईच्या पूर्वेकडील गोवंडीत आहे.

प्रथम रोगांची ओळख करून घेऊ. अंगावर पुरळ आणणारे दोन मोठे रोग आपल्या वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. इसवी सनाच्या सातव्या-आठव्या शतकातील ‘माधवनिदान’ ह्या ग्रंथात मसुरेच्या डाळीसारखे फोड येतात म्हणून ‘मसूरिका’ आणि अंगावरच्या रोमरंध्रांशी बारीक लाल पुटकुळ्या उठतात म्हणून ‘रोमान्तिका’ अशी नावे येतात. पहिली आपली देवी, दुसरा आपला गोवर. इकडे युनानी हकिमांचा आद्य आचार्य राझी, इराणातील रे गावचा, ह्याने दहाव्या शतकाच्या सुमारास देवी आणि गोवर ह्यांवर स्वतंत्र पुस्तक लिहून दोन्ही रोगांची लक्षणे वेगळी करून दाखविली. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’कारांनी देवीच्या रोगाला ‘शीतला’ हेच नाव देऊन औषधाच्या शेजारीच स्तोत्रही घातले. गोवंडीच्या एखाद्या गल्लीत आज उभे राहिले तर ह्या साऱ्या परंपरा कानावर पडतात. मराठी घरात ‘गोवर’, उत्तर प्रदेशातून आलेल्या घरात ‘खसरा’, आणि पलीकडच्या खोलीत ‘छोटी माता’. रोग एकच, प्रत्येकाने त्याला आपल्या आजीचे नाव दिलेले.

आता घरातले उपचार पाहू. मुलाला देवी किंवा गोवर आला की घराची सारी रीत पालटत असे. दाराला कडुलिंबाची डहाळी लागे. ती पाहिली की शेजारीपाजारी उंबरठ्याबाहेरूनच चौकशी करून परत फिरत. मुलाला माजघरातल्या एका कोपऱ्यात, अंधारात, मऊ जुन्या धोतराच्या घडीवर निजवीत. घरात फोडणी बंद, तळण बंद, मोठ्याने बोलणे बंद. बाहेरून आलेल्याने हातपाय धुतल्याखेरीज आत जावयाचे नाही. मुलाला ताक, पेज, मऊ भात, कोठे मनुकांचे पाणी. अंगाला खाज सुटली तर नखाऐवजी कडुलिंबाच्या पानांचा मोरचेल. रोग उतरला की त्याच पानांच्या पाण्याने स्नान, देवीला दहीभाताचा नैवेद्य, आणि मग घर पुन्हा माणसांना मोकळे. श्रावणातील शिळासप्तमीला चूल न पेटवता शिळे खाण्याची आपली रीत आणि माहीमच्या शितलादेवीचे देऊळ ही त्याच भीतीची आणि त्याच भक्तीची आठवण आहे.

ह्यातले देवीच्या कोपाचे कारण बाजूला ठेवले तरी उपचाराचा सांगाडा उरतो, आणि तो काही टाकाऊ नाही. रोग्याला वेगळे ठेवणे, येणाऱ्याजाणाऱ्याला खूण करणे, डोळ्यांना उजेड सोसत नाही म्हणून अंधार करणे, पातळ व हलके अन्न देणे, खाजवून जखमा होऊ न देणे, ह्यांपैकी कशालाही आजचा डॉक्टर नको म्हणणार नाही. मात्र ह्या सर्व उपचारांत एक गोष्ट नव्हती. रोग आला तर त्याला कसे सांभाळावे हे घराला ठाऊक होते; रोग येऊच नये म्हणून काय करावे हे ठाऊक नव्हते.

त्याचेही एक उत्तर हिंदुस्थानात होते. बंगालमध्ये ‘टीकादार’ नावाचे लोक गावोगाव हिंडत आणि देवीच्या फोडातील पू निरोगी मुलाच्या हातावर सुईने टोचीत. मुलाला सौम्य देवी येत आणि पुढे जन्मभर रोगाचे भय नसे. जॉन हॉलवेल ह्या इंग्रज वैद्याने १७६७ साली ह्या पद्धतीचे सविस्तर वर्णन लंडनच्या डॉक्टरांसाठी लिहिले. टोचण्याबरोबर थंड पाण्याचे स्नान, पथ्य आणि देवीची पूजाही असे. उपाय खरा होता, पण जोखमीचा. कारण टोचलेल्या मुलाला कधी कधी जोराच्या देवी येत, आणि त्याच्यापासून दुसऱ्यांना लागण होई ती पुरती खऱ्या देवीची. हिंदीत लसीकरणाला आजही ‘टीकाकरण’ म्हणतात, तो ह्या टीकादारांचाच वारसा. गोवंडीतल्या भिंतींवर मराठी ‘लस’ आणि हिंदी ‘टीका’ असे दोन्ही शब्द शेजारी शेजारी दिसतात.

१७९६ साली एडवर्ड जेन्नर ह्या इंग्रज डॉक्टराने ह्यातली जोखीम काढून टाकली. गाईच्या आचळावर येणाऱ्या निरुपद्रवी फोडांतील लस माणसाला टोचली तर त्याला देवी येत नाहीत, हे त्याने दाखविले व दोन वर्षांनी प्रसिद्ध केले. पण ही लस हिंदुस्थानात आणावयाची कशी? जहाजाला आफ्रिकेला वळसा घालून यावयाला महिनेच्या महिने लागत, तोवर लस मरून जाई. अखेरीस व्हिएन्नाच्या डॉक्टर डी कारो ह्यांनी ती खुष्कीच्या मार्गाने पाठविली. कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा असे मुक्काम करीत, वाटेत एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर जिवंत राहत ती मुंबई बंदरात उतरली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली. टोचणारे डॉक्टर हेलेनस स्कॉट. त्या मुलीच्या दंडावर आलेल्या फोडातून आणखी पाच मुलांना टोचले, आणि मग ती लस देशभर पसरली. लसीकरणाचा आपल्या देशातील जन्म असा मुंबईत, एका अजाण पोरीच्या दंडावर झाला.

घरांनी ती लगेच स्वीकारली असे मात्र नाही. एका मुलाच्या दंडावरची लस दुसऱ्याला टोचावयाची. मग ते मूल कोणत्या जातीचे, कोणत्या घरचे? गाईच्या अंगावरचा पू घ्यावयाचा तर धर्म राहिला कोठे? देवी रागावणार नाही ना? हे प्रश्न घरोघर उठले. १८७७ साली मुंबईसाठी लसीकरण सक्तीचे करणारा कायदा झाला. दंडावरून दंडावर टोचण्याऐवजी वासराच्या अंगावर लस तयार करण्याची पद्धत आली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी बेळगावला त्यासाठी खास संस्था निघाली. गाईच्या त्या फोडांना मराठी वैद्यकाने ‘गोस्तन देवी’ असे गोड नाव दिले, आणि बायामाणसांनी टोचण्याला ‘देवी काढणे’ म्हटले. माझ्या मते कायद्याने जेवढे काम केले त्याहून अधिक ह्या नावांनी केले. कायदा दाराशी उभा राहिला. शब्द स्वयंपाकघरापर्यंत गेला. टोचून आलेल्या पोराला आजी कडुलिंबाखाली निजवी, त्या दिवशी घरात फोडणी देत नसे, आणि ताप उतरला की देवीला नारळ फोडी. लसीचे काम लसीने केले, आजीचे काम आजीने केले.

घराबाहेर, शिकलेल्यांच्या आणि राज्यकर्त्यांच्या पातळीवरही ही मेळ घालण्याची दृष्टी आपल्याकडे होती. तंजावरचे मराठे राजे दुसरे सरफोजी ह्यांनी १७९८ ते १८३२ ह्या आपल्या कारकिर्दीत ‘धन्वंतरी महाल’ उभा केला. तेथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय अशा चारही पद्धतींचे वैद्य एकत्र येऊन औषधे पारखीत, आणि गुणकारी ठरलेल्या उपचारांचे संग्रह लिहून ठेवीत. मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड हे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले. पाश्चात्त्य वैद्यकात पारंगत असलेल्या ह्या गृहस्थांनी महारोगावर आपल्या जंगलातील कडू कवठाच्या बियांचे तेल वापरून पाहिले. त्या जातीची तेले पुढे जगभर महारोगावर वापरली गेली, आणि १९४० नंतरच्या दशकात अधिक परिणामकारक औषधे आली तेव्हा ती बाजूला झाली. ह्यात मानापमानाचे काही नाही. जुने औषध पारखून घ्यावे, उपयोगी पडेल तोवर वापरावे, आणि त्याहून चांगले आले की त्याला सन्मानाने निवृत्त करावे, ही रीत त्या पिढीने घालून दिली.

मग बिघडले कोठे? ते बिघडले १८९६ साली. त्या वर्षी सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस ह्यांना प्लेगचे रोगी आढळले आणि मुंबईची झोप उडाली. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा आला. घरांची झडती, रोग्याला उचलून नेणे, कौले काढणे, सामान जाळणे हे सुरू झाले. आजवर घराने जे केले ते सारे चूक, असा त्याचा अर्थ लोकांनी घेतला, आणि रोग्याला लपवू लागले. त्याच्याही आधी, ऑक्टोबर १८९६ मध्ये, आर्थर रोडच्या साथीच्या रुग्णालयावर गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला होता. तेथे माणसे मारण्यासाठीच नेतात अशी वदंता होती. आणि ह्याच शहरात, त्याच धामधुमीत, वाल्देमार हाफकिन ह्यांनी प्लेगवरची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःच्या अंगात टोचून घेतली. पुण्याकडे सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत असतानाच त्याच वर्षी १० मार्चला त्या रोगाने गेल्या. एकीकडे शास्त्रज्ञ स्वतःच्या दंडावर प्रयोग करतो आहे, एकीकडे एक माउली परक्याचे मूल उचलून आणते आहे, आणि मध्ये घराचा विश्वास तुटतो आहे. तो विश्वास औषधाने तुटला नव्हता. औषध कोणी कसे आणले ह्याने तुटला होता.

प्लेगने मुंबईला स्वच्छतेचा धाक लावला. शहराची घाण शहराबाहेर गेली पाहिजे, हे ठरले. पण ‘बाहेर’ म्हणजे कोठे? कुर्ल्याहून चेंबूरकडे जो लोहमार्ग गेला तो मुळात माणसांसाठी नव्हताच. १९०६ साली तो कचरागाड्यांसाठी टाकला, आणि माणसे त्यावरून १९२४ पासून प्रवास करू लागली. देवनारच्या खाडीकाठच्या दलदलीत दक्षिण मुंबईचा कचरा येऊन पडू लागला. पुढे १९७१ साली देवनारचा कत्तलखाना झाला. १९७० नंतरच्या दशकात शहरातल्या झोपड्या उठवल्या, तेव्हा तेथील माणसांनाही ह्याच बाजूला आणून वसवले. शिवाजी नगर, बैंगनवाडी ह्या वस्त्या अशा वाढल्या. १९७६ च्या मे महिन्यात जनता कॉलनीतील माणसे ट्रॉम्बेच्या चीता कॅम्पमध्ये हलविली गेली ती ह्याच मालिकेतली. शहराने आपले आरोग्य सांभाळण्यासाठी जे जे दूर लोटले ते ते ह्या कोपऱ्यात साठले. मुंबईच्या २००९ सालच्या मानव विकास अहवालात शहरातल्या सर्व विभागांत गोवंडीचा एम पूर्व विभाग अगदी तळाला होता.

ह्यात एक विलक्षण योगायोग आहे. गोवंडी स्टेशनपासून जवळच, देवनारला, १९५६ साली स्थापन झालेली लोकसंख्याशास्त्राची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची सूत्रे १९९२-९३ च्या पहिल्या पाहणीपासून तेथून हलत आली. देशातल्या कोणत्या जिल्ह्यात किती बाळांना लस मिळाली हा हिशेब जेथे मांडला जातो, त्याच्या थोड्याच अंतरावर ज्यांना लस मिळाली नव्हती अशी बाळे राहत होती.

देवीचा रोग आपल्या देशातून १९७५ साली हटला आणि १९८० च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने साऱ्या जगातून तो नाहीसा झाल्याचे जाहीर केले. देवीचे देऊळ राहिले, रोग गेला. त्याचा धाकटा भाऊ गोवर मात्र राहिला. गोवराला आपण ‘छोटी माता’ म्हणून थोडे हलक्यात घेतो, पण पसरण्यात तो देवीच्याही वरचढ आहे. उत्तर अटलांटिकातल्या फॅरो बेटांवर १८४६ साली तो शिरला तेव्हा जेमतेम आठ हजार लोकवस्तीपैकी सहा हजारांच्या वर माणसांना त्याने गाठले. पीटर पॅनम ह्या तरुण डॅनिश डॉक्टराने तेथे घरोघर हिंडून नोंदी केल्या, आणि ज्या म्हाताऱ्यांना १७८१ सालच्या साथीत गोवर येऊन गेला होता त्यांना पासष्ट वर्षांनंतरही तो पुन्हा आला नाही, हे दाखविले. गोवराची लस १९६३ साली निघाली. आपल्याकडे १९८५ पासून ती सरकारी लसीकरणात आहे. नवव्या महिन्यानंतर एक मात्रा आणि दीड वर्षाच्या आसपास दुसरी. शंभरातल्या पंचाण्णव मुलांना दोन्ही मात्रा मिळाल्या तरच ह्या रोगाचा रस्ता बंद होतो. नव्वदावर भागत नाही.

२०२० आणि २०२१ ही करोनाची वर्षे. दवाखाने त्या साथीत गुंतले, माणसे गावी गेली, परत आली, खोल्या बदलल्या, आणि कित्येक बाळांच्या मात्रा राहून गेल्या. काही घरांत सरकारी यादीचेच भय होते. काही घरांत टोचल्यावर ताप येतो, मग मूल रडते, मग आईचा रोज बुडतो, हा साधा हिशेब होता. २०२२ सालच्या ऑक्टोबरात, दिवाळीच्याच आठवड्यात, गोवंडीच्या रफीक नगरात एकाच घरातली तीन मुले गोवराच्या संशयाने अवघ्या दोन दिवसांत दगावल्याची बातमी आली. नोव्हेंबरात केंद्राचे पथक मुंबईत उतरले. कस्तुरबा रुग्णालयात आणि गोवंडीच्या शताब्दी रुग्णालयात मुलांची रीघ लागली. हे कस्तुरबा म्हणजेच पूर्वीचे आर्थर रोडचे साथीचे रुग्णालय, १८९६ साली ज्याच्यावर जमाव चालून गेला होता तेच.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. गोवंडीतल्या आयांनी काहीच केले नव्हते काय? तसे नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या जे केले जाते ते गोवर आल्यावर येथील घरांनीही केले. पाने आली, पथ्य आले, कोणी दुवा मागितली, कोणी नवस केला. गल्लीतल्या होमिओपॅथी किंवा युनानी पदवीच्या डॉक्टरकडेही मुले गेली, कारण तोच जवळचा, तोच परवडणारा. मग जी रीत वाड्यात चालत होती ती येथे का पांगळी पडली? ह्याचे उत्तर मला घराच्या क्षेत्रफळात दिसते. आजीच्या सर्व उपचारांचा पाया होता तो वेगळा कोपरा. माजघर होते म्हणून मूल वेगळे ठेवता येत होते. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसे राहतात तेथे वेगळे म्हणजे कोठे? त्यातून गोवर असा लबाड की अंगावर पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासूनच तो दुसऱ्याला लागू लागतो, आणि रोगी निघून गेला तरी बंद खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. दाराला डहाळी लागेपर्यंत शेजारच्या चार खोल्यांत तो पोहोचलेला असतो. आजीच्या उपचाराला जागा लागते, हवा लागते आणि घरात दोन वेळचे अन्न लागते. ह्या तीनही गोष्टी ज्याच्यापाशी आहेत त्याने ‘आमच्या लहानपणी कुठे होत्या लशी?’ असे म्हणणे सोपे आहे. ज्याच्यापाशी त्या नाहीत त्याच्या बाळासाठी दंडातली लस हेच माजघर. घर लहान असले तरी ते माजघर बाळाबरोबर सर्वत्र जाते.

म्हणून आजीला मोडीत काढावे काय? मुळीच नाही. एकदा गोवर आला की त्याच्या विषाणूला मारणारे खास औषध आजही डॉक्टरांपाशी नाही. रुग्णालयातही जे करतात ते मुख्यतः सांभाळणेच. पाणी, अन्न, तापावर लक्ष, फुप्फुसाला सूज आली तर तिच्यावर इलाज. त्यात एक भर विज्ञानाने घातली आहे ती ‘अ’ जीवनसत्त्वाची. गोवर झालेल्या मुलाला ह्या जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा डॉक्टरांच्या हातून एकामागून एक दोन दिवस दिल्या तर दगावण्याचा आणि डोळे जाण्याचा धोका घटतो. १९८७ पासून जागतिक आरोग्य संघटना हे सांगत आली आहे. आणि गोवरामागून येणाऱ्या हगवणीवर काय? मीठ, साखर आणि पाणी. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत शिरेतून द्यावयाचे सलाईन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस ह्यांनी मीठ आणि ग्लुकोज पाण्यात कालवून ते रोग्यांच्या नातलगांच्याच हाती दिले आणि हजारोंचे प्राण वाचविले. हे गृहस्थ २०२२ च्या ऑक्टोबरातच निवर्तले. सुई आणि सलाईन जेथे पोहोचले नाही तेथे विज्ञानाने वाटी-चमचा उचलला आणि आईच्या हाती दिला. ह्याहून मोठा मेळ कोणता?

बटव्यातल्या काही गोष्टी मात्र आता खुशाल काढून टाकाव्यात. गोवर झालेल्या मुलाचे दूध तोडणे आणि कडक पथ्याने त्याला उपाशी ठेवणे ही त्यातली पहिली. उलट अंगावरचे पाजणे चालू ठेवावे आणि थोडे थोडे खावयाला घालीत राहावे. ‘गोवर पोटात जाईल, पुरता बाहेर पडू द्या, मग बघू’ म्हणून थांबणे ही दुसरी. मुलाचा श्वास जोराने चालू लागला, छाती आत ओढली जाऊ लागली, ते पाणी पिईना, सुस्त पडले, आकडी आली किंवा डोळ्यांवर सारा आला, तर ती वेळ पानांची नव्हे, रुग्णालयाची. गोवर गेल्यावरही काही महिने मुलाची इतर रोगांशी लढण्याची ताकद कमी असते. तेव्हा त्याला चांगले खाऊ घालणे हे काम पुन्हा घराकडेच येते. शेवग्याचा पाला, माठ, गाजर, पपई ह्यांत शरीराला ‘अ’ जीवनसत्त्व बनविण्याची सामग्री आहे. येथे बटवा आणि वैद्यक एकाच भाजीवाल्याकडे जातात.

२०२२ च्या साथीत एक गोष्ट चांगली झाली. ह्या वेळी कौले काढली नाहीत. आरोग्यसेविका आणि आशाताई घरोघर फिरल्या, मौलवींना आणि वस्तीतल्या वजनदार माणसांना बरोबर घेतले गेले, गल्लीतल्या डॉक्टरांना ताप-पुरळाचे मूल दिसताच कळविण्याविषयी सांगितले गेले. नऊ महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना एक जादा मात्रा देण्याचे ठरले, आणि साथ जोरात होती तेथे सहा महिन्यांच्या बाळांनाही. ह्या कामात खरा कस लागला तो आशाताईंचा. त्या त्याच वस्तीत राहणाऱ्या. कोणत्या खोलीत तापलेले मूल आहे, कोणती आई संध्याकाळी उशिरा घरी येते, आणि कोणत्या घरात निर्णय सासूबाईंचा असतो, हे त्यांना कागदावर लिहून ठेवावे लागत नाही. सासूबाई ‘हो’ म्हणाल्या की सुनेचा प्रश्न उरत नाही. प्लेगच्या वेळी सरकारला हे शहाणपण सुचले असते तर काय झाले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

दिवाळीत आपण पहाटे उठतो, अंगाला सुवासिक तेल चोळतो, उटणे लावतो, ऊन पाण्याने न्हातो. कचोरा, नागरमोथा, वाळा, चंदन ह्यांचे ते उटणे आपल्या आजीनेच आपल्या हाती दिले, आणि ते सोडावयाचे कारण नाही. पण दिवाळीआधीच्या साफसफाईत कपाटातले सारे खण बाहेर निघतातच. त्यात कोठे तरी मुलाच्या जन्माच्या कागदांशेजारी लसीकरणाचे कार्ड पडलेले असेल. ते उघडून पाहावे. दुसऱ्या मात्रेचा रकाना कोरा असेल, तर भाऊबीज झाल्यावर जवळच्या आरोग्य केंद्रात जावे. ती लस तेथे फुकट मिळते. आपले कार्ड पुरे भरलेले असले, तर आपल्याकडे भांडी घासावयाला येणाऱ्या बाईला, दूधवाल्याला, इमारतीच्या रखवालदाराला त्यांच्या मुलाच्या कार्डाविषयी विचारावे, आणि त्यासाठी अर्धा दिवस रजा लागली तर पगार न कापता द्यावी. संध्याकाळी मूल ताप घेऊन परत आले तर कपाळावर ओली पट्टी ठेवावयाला आजी आहेच.